ब्रेक लागले होते

अपघातात कुणी दगावलं की पोलीस गाडी ताब्यात घेतात आणि आमच्या कार्यालयाला पत्र देतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ प्रमाणे त्या गाडीची तपासणी करायची आणि अपघात यांत्रिक दोषामुळे झाला की नाही, तेवढं लिहून द्यायचं. मी सोलापुरात मोटार वाहन निरीक्षक आहे. लोक आम्हाला ओळखतात ते लायसन्सच्या चाचणीला आठचा आकडा काढायला लावणारे म्हणून. पण पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात, जप्त गाड्यांच्या गर्दीत उकिडवं बसून करायचं हे कामही आमचंच. त्यातल्या एका तपासणीबद्दल लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

दिवस डिसेंबरचे. सकाळी सातच्या पुढे, चांगलं उजाडल्यावर, अक्कलकोट रोडवर एका दीडशे सीसीच्या मोटरसायकलने रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीला उडवलं. ती विडी कामगार होती. वळलेल्या विड्या कारखान्यात देऊन, दुसऱ्या दिवसाची पानं-तंबाखू पिशवीत घेऊन, कुंभारीकडे जाणारी रिक्षा धरायला ती पलीकडे निघाली होती. सिव्हिलला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. गाडीवर अकरावीतला मुलगा, वय सोळा. क्लासला उशीर झाला होता. त्याचं खांद्याजवळचं हाड मोडलं. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. डोकं वाचलं हे नशीब.

मी आवारात पोचलो तेव्हा मुलाचे वडील आधीच येऊन थांबले होते. टॉवेलचा छोटा कारखाना, चार-सहा माग, स्वतःही रात्रपाळीला उभे राहणारे. डोळे तारवटलेले. नमस्कार करून थेट म्हणाले, "साहेब, ब्रेक फेल झाला ओ. पोरानं लई दाबला, लागलाच नाही. तेवढं लिहा की."

ही विनंती मला नवी नाही. ट्रकवाल्यापासून स्कूटीवाल्यापर्यंत, ज्याच्या हातून माणूस गेला त्याच्या घरचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच असतं. ब्रेक फेल झाला म्हटलं की दोष लोखंडाचा होतो आणि माणसाला घरी जाता येतं. त्यांना म्हणालो, "बघतो. जे असेल ते लिहीन."

गाडी वर्षभराचीही नव्हती. पुढचे शॉकअप मागे दबलेले, हेडलाइट फुटलेला, उजवा आरसा गायब. दुभाजकाला धडकल्याने रिम वाकली होती. पण ब्रेकची नळी शाबूत होती, कुठे गळती नाही, ऑइलची पातळी काचेच्या डोळ्यात बरोबर रेघेवर. लिव्हर दाबला तर टणक लागला. मऊ पडला असता, हँडलपर्यंत आला असता, तर शंका घ्यायला जागा होती. डिस्कला ओरखडा नाही, पॅडचं मटेरियल भरपूर. मग हवालदारांच्या मदतीने गाडी मेन स्टँडवर घेतली, मागचं चाक हाताने जोरात फिरवलं आणि पायाचा ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं.

थांबलं तेव्हा टायरवरचा चट्टा वर आला होता. गोल टायरला एका ठिकाणी तळहाताएवढा सपाट भाग, नक्षी घासून गेलेली, कडेला रबराचे बारीक तंतू उभे. मी त्यावर बोट फिरवलं. चाक लॉक होऊन डांबरावरून फरफटत गेलं तरच असा चट्टा पडतो. या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, फक्त पुढच्या चाकाला आहे, मागच्याला नाही. म्हणजे मुलाने मागचा ब्रेक पूर्ण ताकदीने दाबला होता, आणि तो लागला होता. पंचनाम्यात रस्त्यावरचा काळा पट्टा मोजलेला होता: धडकेच्या जागेपर्यंत २२ मीटर.

वडील माझ्या मागेच उभे होते. चट्ट्याकडे त्यांचं लक्ष गेलं नाही, गेलं असतं तरी अर्थ कळला नसता. आवाराबाहेर रिक्षात मुलगा बसला होता, हात गळ्यात बांधलेला. पोलिसांना काही कागदांवर सह्या हव्या होत्या म्हणून वडिलांनी त्याला बरोबर आणलं होतं. मी बाहेर पाणी प्यायला आलो तेव्हा तो रिक्षातून उतरला आणि जवळ आला. वडील आत होते.

"सर, मी ब्रेक दाबला होता."

"माहीत आहे मला."

"दोन्ही दाबले. पप्पा सगळ्यांना सांगतात ब्रेक लागलाच नाही. पण लागला होता. गाडी थांबतच नव्हती."

एवढं बोलून तो रडायला लागला. अपघातानंतर या पोराचं म्हणणं कुणी ऐकूनच घेतलं नव्हतं. घर त्याला वाचवायला धावत होतं आणि वाचवताना त्याच्या तोंडी दुसरंच काही घालत होतं. त्याला शिक्षेतून सुटायचं नव्हतं. त्याला एवढंच हवं होतं, की त्याने त्या बाईला वाचवायचा प्रयत्न केला हे कुणीतरी खरं मानावं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुझा ब्रेक लागला होता, हेच मी लिहिणार आहे," म्हणालो.

वेग किती होता हे लिहिणं आमच्या अहवालाचा भाग नाही. पण हिशोब मनात होतोच. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. समोर काही दिसल्यापासून हात-पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो, तरण्या पोराचासुद्धा. त्या सेकंदात गाडी पूर्ण वेगाने पळतच असते. त्यानंतर कोरड्या डांबरावर चांगल्या ब्रेकला आणखी दहाएक मीटर लागतात. सगळे मिळून एकवीस-बावीस मीटर झाले. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यानंतरचं अंतर मात्र दुप्पट होत नाही, चौपट होतं. २२ मीटर चाक फरफटत नेऊनही ज्या गाडीत म्हातारीला लांब फेकण्याइतका आणि मग दुभाजकाला रिम वाकवण्याइतका जोर उरला होता, ती माझ्या अंदाजाने सत्तर-पंचाहत्तरच्या खाली नव्हती. पंचाहत्तरला तो पहिला एक सेकंदच २१ मीटर खातो. म्हणजे मुलाला बाई दिसली तेव्हा ती चाळीसहून थोडी जास्त मीटर लांब होती. चाळीसच्या वेगाने असता तर तिच्या वीस मीटर अलीकडे गाडी उभी राहिली असती. ब्रेकही तेच, तोही तोच, रस्ताही तोच.

ज्यांच्या घरात सोळा-सतराचं पोर गाडी मागतं आहे, त्यांनी हा हिशोब त्याच्याबरोबर बसून कागदावर करावा असं मला मनापासून वाटतं. "हळू चालव रे" हे त्याच्या कानावरून जातं. आकडे जात नाहीत.

अहवालाचे मुद्दे टिपून निघणार, तेवढ्यात बाईंचा मुलगा भेटला. पस्तिशीचा, यंत्रमागावर कामाला. आईची पिशवी मिळते का विचारायला आला होता. पिशवीत पानांची जुडी आणि कात्री होती. पान कापायची ती छोटी कात्री तिच्या हाताला इतकी सवयीची होती की घरातल्या दुसऱ्या कुणाला वापरू द्यायची नाही, असं त्याने सांगितलं. घरी तेलुगू बोलणारा माणूस, मराठी थांबत थांबत बोलत होता. गाडी तपासणारे साहेब मीच, हे कळल्यावर म्हणाला, "आई बघूनच रस्ता ओलांडायची ओ साहेब. एवढी वर्षं तोच रस्ता. मग असं कसं झालं?"

त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. गल्लीत कुणीतरी म्हणालं असणार, म्हातारी मध्ये आली. असं नेहमी म्हणतात आणि मला त्याचा राग येतो. रस्ता ओलांडणारा माणूस गाडी किती लांब आहे ते बघतो. समोरून येणारी गाडी किती वेगात आहे ते डोळ्याला नीट कळत नाही. मोटरसायकलचं तर आणखी अवघड, आकार बारीक, एकच दिवा. वय झालेल्या माणसाला ते त्याहून कठीण. चाळीसेक मीटरवरची गाडी शहरातल्या वेगाने येत असेल तर हाताशी चार सेकंद असतात, आणि त्यात ती बाई चार पावलं पुढे सरकून दुभाजकाजवळ गेली असती. आयुष्यभराचा अंदाज तिला हेच सांगत होता आणि तो बरोबर होता. त्या सकाळी मात्र तिच्याकडे दोनच सेकंद होते.

मी त्याला आकडे सांगितले नाहीत, तपास चालू होता. एवढंच म्हणालो, "आईंनी बघितलं होतं. त्यांची चूक नव्हती." त्याने दोन वेळा विचारलं, नक्की का साहेब? मी दोन्ही वेळा हो म्हणालो.

वडिलांना अहवाल काय जाणार याची कल्पना आली तेव्हा त्यांनी दुसरी बाजू धरली: पोराने न विचारता गाडी नेली. मागच्या मडगार्डवर मुलाचं नाव रेडियमने लिहिलेलं होतं. मी फक्त तिकडे बघितलं. ते गप्प झाले.

२०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९ अ त्यांना वकिलाने एव्हाना समजावलं होतं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द आणि मुलाला पंचविशी होईपर्यंत लायसन्स नाही. पालकाची संमती होती असंच कोर्ट गृहीत धरतं. नव्हती हे सिद्ध करायचं ओझं पालकावर. विम्याचंही तेच. चालवणाऱ्याकडे लायसन्सच नसेल तर कंपनीने भरपाई दिली तरी ती मालकाकडून वसूल करण्याचे आदेश होतात. सोळाव्या वर्षी कायदा जी गाडी चालवू देतो ती ५० सीसीपर्यंतची. इथे दीडशे सीसी होती, दहावीच्या निकालाचं बक्षीस म्हणून दिलेली.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरचा अपघात झाला तेव्हा सोलापुरातही लोक संतापले होते. महागडी कार, पैसेवाल्याचं पोर. पण सोळा-सतराच्या मुलाला किल्ली देणारं घर श्रीमंतच असतं असं नाही. इथला बाप कर्जाचे हप्ते भरत होता. त्याची अडचणही खोटी नव्हती. सकाळी सातचा क्लास, बाप रात्रपाळी करून झोपलेला, शहर बससेवा कधीचीच खिळखिळी झालेली, रिक्षा रोज परवडत नाही. हे सगळं मला मान्य आहे. सायकलने पाऊण तास लागला असता, हेही मान्य. तरी किल्ली द्यायला नको होती.

अहवालात मी लिहिलं: पुढचे व मागचे ब्रेक कार्यक्षम, मागच्या टायरवर चाक लॉक होऊन घासल्याची खूण, अपघात यांत्रिक दोषामुळे झालेला नाही. मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे गेलं, वडिलांचं कोर्टात आहे.

दुसऱ्या आठवड्यात मी त्या क्लासच्या संचालकांना भेटलो. पार्किंगमध्ये गाड्यांची रांग होती, बहुतेक अकरावी-बारावीच्या मुलांच्या. लायसन्स नसलेल्याला गाडीसह आत घेऊ नका, म्हणालो. "साहेब, पोरं दुसऱ्या क्लासला जातील," हे त्यांचं पहिलं उत्तर. मग मी त्यांना टायरचा फोटो दाखवला आणि हिशोब फळ्यावर मांडला. शेवटी त्यांनी पालकांना पत्र पाठवायचं कबूल केलं, आणि सातचा क्लास साडेसातला करता येईल का तेही बघतो म्हणाले. पत्र गेलं आहे. वेळ अजून बदललेली नाही. जूनमध्ये नवी बॅच सुरू होईल तेव्हा वाहतूक शाखेच्या लोकांना घेऊन मी तिथल्या फाटकावर उभा राहणार आहे.