स्टबर्न की ऑब्स्टिनेट?

भाचीची परीक्षा जवळ आलीय, त्यामुळे आजची संध्याकाळ इंग्रजी समानार्थी शब्दांत गेली. स्टबर्न आणि ऑब्स्टिनेट हे तिच्या पुस्तकात एकाच रांगेत बसलेत. अर्थ: हट्टी. झालं, पुढचा शब्द!

पण वापर बघा ना. कपड्यावरचा डाग स्टबर्न, महिनाभर न हटणारा खोकला स्टबर्न. आपण अशा खोकल्याला चिवट म्हणतो, हट्टी नाही. स्टबर्नमध्ये कौतुकही मावतं. आजीबद्दल कुणी हसत हसत म्हणेल. ऑब्स्टिनेटमध्ये मात्र कपाळावर आठी आलीच. समजावून दमलेला माणूस बोलतोय असं वाटतं.

१७७० साली बॉस्टनमध्ये गोळीबार केलेल्या ब्रिटिश सैनिकांचं वकीलपत्र जॉन अ‍ॅडम्सनी (पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले ते) घेतलं होतं. सगळं शहर विरोधात. तेव्हा ज्युरीसमोर ते म्हणाले, वस्तुस्थिती ही स्टबर्न गोष्ट असते. आपल्या इच्छेने ती बदलत नाही. इथे ‘हट्टी’ लिहून बघा, कसं विचित्र वाटतं.

तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलनी १९४८ मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमात तर या शब्दांचं क्रियापदच चालवून दाखवलं: मी ठाम, तू ऑब्स्टिनेट, तो पिग-हेडेड मूर्ख. स्वभाव तिघांचा एकच! आमच्या घरी हाच प्रयोग जिद्दी, हट्टी आणि आडमुठा असा चालतो, आणि आडमुठेपणा कायम सासर-माहेरच्या पलीकडच्या बाजूला असतो.

भाचीला मी एवढंच सांगितलं की पेपरात चारांपैकी जो पर्याय असेल त्यावर खूण कर.