रायफलच्या बाकासाठी आधी स्क्रूड्रायव्हर घ्या

फौजेत आर्मोरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो. रिटायर झाल्यावर आमच्या तालुक्यातली पोरं विचारतात, काका, रायफल दुरुस्तीच्या बाकावर पहिलं काय घ्यायचं? मी सांगतो, चांगले स्क्रूड्रायव्हर.

बाजारातल्या साध्या स्क्रूड्रायव्हरचं पातं टोकाकडे निमुळतं असतं. स्क्रूच्या खाचेत ते फक्त वरच्या कडेला टेकतं, जोर दिला की उसळतं आणि खाचेचे ओठ फाटतात. पात्याच्या दोन्ही बाजू समांतर हव्यात, रुंदी-जाडी खाचेत घट्ट बसेल अशी. म्हणून एकाने भागत नाही, सेटच लागतो.

एक लांब दांड्याचाही ठेवा. .३०३ रायफलीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचं मागचं लाकूड, ज्या बोल्टने बसवलेला असतो तो दस्त्याच्या आत खोलवर असतो. पण तो फिरवण्याआधी पुढचं लाकूड उतरवायचंच! .३०३ च्याच जुन्या नंबर १ रायफलीत त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. रिक्रूट असताना मी ते न उतरवता बोल्ट फिरवला होता. लाकूड चिरल्याचा तो बारीक ‘टक्’ आवाज अजून कानात आहे.

मग पितळी हातोडी, पिना ठोकून काढायला पिनेच्या मापाचे पंच, आणि काम घट्ट धरणाऱ्या व्हाइसच्या जबड्यांना चामडं. कानस मात्र नवख्याने बाकावर ठेवूच नये. घासलेलं लोखंड परत येत नाही.