फिरणारं काहीच नसलेली डिस्क

पुसदकडच्या एका गावातले फोटो स्टुडिओवाले भर मे महिन्यात पिशवी घेऊन आले. आत तीन गोष्टी: ४८० जीबीची एसएसडी, १ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क आणि २२ डीव्हीडी. बहुतेक लग्नं तिन्हींत. एसएसडी एडिटिंगला रगडून वापरलेली. नवी घेतल्यावर जुनी 'बॅकअप' म्हणून टिनाखालच्या कपाटात गेली. दोन उन्हाळे तिला वीज लागलेली नव्हती.

"भाऊ, याच्यात तं फिरनारं काईच नाई, मंग खराब कसं झालं?"

एसएसडी माहिती साठवायला चिपमधल्या बारीक पेशींत विद्युतभार कोंडून ठेवते. टीएलसी प्रकारात एका पेशीत ३ बिट, म्हणजे भाराच्या ८ पातळ्या ओळखायच्या. भार गळतो; उष्णतेत लवकर, लिहून लिहून झिजलेल्या पेशीतून आणखी लवकर. जेडेक या चिपची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात लिखाणाची मर्यादा गाठलेल्या घरगुती एसएसडीकडून विजेविना ३० अंशांत १ वर्ष एवढीच अपेक्षा आहे. आपल्याकडच्या टिनाखाली ३० अंश कुठले!

विंडोज 'फॉरमॅट करू का' विचारत होतं. तिथे 'हो' म्हणायचं नाही, चेकडिस्क ही विंडोजची डिस्क-दुरुस्तीही चालवायची नाही. दोन्ही त्याच डिस्कवर लिहितात. लिनक्समध्ये डीडीरेस्क्यू या बिघडलेल्या डिस्क वाचणाऱ्या प्रोग्रामने आधी चांगल्या डिस्कवर पूर्ण इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल घेतली. पहिल्या फेरीत अडलेले भाग ओलांडायचे, नंतर फक्त त्यांच्यावर ३ फेऱ्या. मॅपफाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) जपायची, म्हणजे लाइन गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. बरेच व्हिडिओ निघाले, पण फायलींची यादीच फाटलेली, त्यामुळे नावं गेली.

हार्ड डिस्कवर २४ पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे तुकडे) दिसत होते. तरी काही केबी सोडून सगळं आलं. व्हिडिओत क्षणभर चौकटी उमटतात, बस्स.

डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. दोन पातळ चकत्यांमधला चिकटा कडेला सुटला की शेवटचा भाग आधी जातो, म्हणजे नेमकी पाठवणी. वर गोल स्टिकर चिकटवलेल्या सर्वांत वाईट: चकती असमतोल फिरते, वाकते, ड्राइव्ह वाचता वाचता धापा टाकतो. कूलरच्या दमट हवेतच डीव्हीडींचा स्पिंडल (दांड्यावरचा डबा) ठेवलेला होता.

त्यांना सांगितलं ते एवढंच: एडिटिंग एसएसडीवरच करा, पण काम संपलं की दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रत, एक दुसऱ्या घरी. प्रत झाल्यावर एसएचए-२५६ची (फाइलीतल्या मजकुरावरून निघणाऱ्या ठशांची) यादी बनवून जुळवा. नुसता आकार सारखा दिसला म्हणून फाइल शाबूत नसते. वर्षातून एकदा डिस्क लावून सगळं वाचून घ्या, ५ वर्षांनी नवीवर हलवा. टिनापेक्षा मातीच्या भिंतींची मधली खोली बरी, डब्यात सिलिका जेल. एलटीओ ही बॅकअपची चुंबकीय टेप जास्त टिकाऊ, पण ड्राइव्हच लाखांत जातो, आणि एलटीओ-९चा ड्राइव्ह दोन पिढ्या जुनी एलटीओ-७ची टेप वाचत नाही. स्टुडिओला ते झेपत नाही.

दोन लग्नं हार्ड डिस्कवर कधी उतरवलीच नव्हती. त्यांच्या पाठवणीच्या जागी डीव्हीडीवर निळा पडदा आला, आणि एसएसडीत ती सापडली नाही.