प्लाझ्मा ॲक्च्युएटर, भाग ४: शेवटी धूर पंखाला चिकटला

प्लाझ्मा ॲक्च्युएटर, म्हणजे विजेनं पंखावरची हवा ढकलणारी पट्टी, यावर दीड महिना काही लिहिलं नव्हतं कारण सांगण्यासारखं काय घडतच नव्हतं. बेळगावचा पाऊस माहितीच आहे, अनगोळात आमच्या माळ्यावर भिंतीलाच ओल, मग ॲक्च्युएटरच्या टेपचं काय होणार. पट्टीच्या कडेला प्लाझ्माची जांभळी रेघ सलग यायच्या ऐवजी ठिपक्या-ठिपक्यांत जळायची, ओलीनं पृष्ठभाग वीज वाहायला लागतो आणि सगळा जोर तिथंच वाया जातो. परवा उघडीप मिळाली, हेअर ड्रायरनं पंख चांगला वाळवला, आणि बघा.

नवीन आलेल्यांसाठी एवढंच, तांब्याच्या दोन पट्ट्या, मध्ये कॅप्टॉन टेपचे (वीज अडवणारी टेप) सहा थर, वरची पट्टी उघडी आणि खालची पूर्ण झाकलेली. त्यांच्यात काही हजार व्होल्टचं एसी दिलं की वरच्या पट्टीच्या कडेपाशी हवा आयनित, म्हणजे विद्युतभारित, होते, ते आयन शेजारच्या हवेला ढकलतात आणि झाकलेल्या पट्टीच्या दिशेनं पातळ झोत सुटतो. हलणारा भाग एकही नाही, यासाठीच मी याच्या नादाला लागलोय.

जुन्या टीव्हीचा फ्लायबॅक (हाय व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर) घेऊ नका, बहुतेकांत एकाच दिशेनं वीज सोडणारा डायोड आतच असतो, त्यातून डीसी येतं, आपल्याला एसी लागतं. मी ट्रान्सफॉर्मर फेराइट कोअरवर स्वतः गुंडाळलाय, कारच्या स्टिरिओचा जुना ॲम्प त्याला चालवतो, ६ किलोहर्ट्झ. शिट्टीसारखा आवाज येतो, आईनं दोनदा वर येऊन विचारलं.

आता मुख्य गोष्ट. थर्माकोलचा पंख, पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत रुंदी १५ सेंमी, वारा ४ मीटर प्रति सेकंद, वाऱ्याशी कोन १४ डिग्री, उदबत्तीचा धूर पुढच्या कडेपासूनच सुटून वर उडत होता, म्हणजे हवा पंखाला धरून राहत नव्हती. ॲक्च्युएटर सलग चालू ठेवला तर धूर थोडाच खाली आला. मग सलग न ठेवता चालू-बंद करत झटके देऊन बघितलं, वाऱ्याचा वेग भागिले पंखाची रुंदी म्हणजे सेकंदाला साधारण २७ झटके, त्यात चालू वेळ फक्त दहा टक्के, आणि धूर असा खाली वाकून पंखाला चिकटला की मी चार वेळा बंद-चालू करून खात्री केली! वीज कमी आणि काम जास्त, कारण झटक्यांनी जे भोवरे उठतात तेच बाहेरची वेगवान हवा खाली ओढून आणतात.

ओझोनचा उग्र वास येतो, खिडकी उघडी ठेवाच, आणि हाय व्होल्टेज चालू असताना एक हात खिशात. टेपखाली बुडबुडा राहिला की तिथंच भोक पडतं, माझ्या दोन पट्ट्या तशाच गेल्या, म्हणून आता प्रत्येक थर जुन्या एटीएम कार्डानं दाबून बसवायलोय.

पुढं कोन १८ डिग्री आणि झटके १५ ते ६० पर्यंत बदलून बघायचेत, फक्त पाऊस थांबू दे. निपाणी-खानापूरकडचं कोणी वजनाचा लोडसेल जोडून लिफ्ट (पंखाला वर उचलणारा जोर) मोजलं असेल तर सांगा, धुराच्या फोटोवर मला नुसतं भागवायचं नाही.