सव्वा महिना पुरा न करता मी माहेरहून का आले

लग्नात, डोहाळजेवणात, चार बायका जमल्या की कोणीतरी विचारतंच. पोटाला टाके, अंगावर पिणारं पोर, आणि सव्वा महिनाही न काढता तू आईकडून पुण्याला निघून कशी आलीस? आईनं काय कमी केलं होतं? आत्या तर दर दिवाळीला विचारते. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आईनं काहीही कमी केलं नव्हतं. हे आधी नीट ऐका, कारण पुढचं ऐकून तुम्ही तिला बोल लावाल आणि ते मला चालणार नाही. बाळाची दुपटी-लंगोट ती स्वतः धूत होती, बाईच्या हातचं तिला पटत नव्हतं. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, जेवल्यावर ओवा-बाळंतशोप, संध्याकाळी धुरी, सगळं वेळच्या वेळी. रात्री बाळ कुरकुरलं की माझ्याआधी तिला जाग यायची. सांगलीच्या घरातला तो पलंग बुटका. त्याच्या पायाला तिनं जुनी सुती साडी बांधून दिली होती, ती धरून मी उठायचे. एवढं कोण करतं?

बाळंतपण कसं झालं ते आधी सांगते. रात्रभर कळा, पहाटे गर्भाचं पाणी हिरवट गेलं, म्हणजे बाळानं पोटातच शी केली होती, कळ आली की बाळाचे ठोके खाली जायचे आणि वर यायला वेळ लागायचा. डॉक्टर म्हणाल्या, आता थांबायला नको. नवरा पुण्याहून निघाला होता, कराडही आलं नव्हतं. बाहेर आईनं विचारलं, ‘अजून थोडं थांबून बघता नाही का येणार?’ ते मी मनात धरलेलं नाही. मीही तिच्या जागी तेच विचारलं असतं. कमरेत इंजेक्शन दिलं, छातीखाली सगळं बधिर झालं, तरी आतली ओढाताण कळत होती. थंडीनं दात वाजत होते. बाळ गालाला लावून दाखवलं आणि नेलं.

मला सांगायचंय ते यानंतरचं, घरी आल्यावरच्या एका दुपारचं.

आईच्या भिशीतल्या दोघी बाळ बघायला आल्या होत्या. मी आतल्या खोलीत, दार लोटलेलं. दूध अजून नीट उतरलं नव्हतं. सिझरनंतर कधीकधी उशीर होतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की पोर तोंड लावतं, दोनदा ओढतं आणि लालबुंद होऊन किंचाळतं. बाहेर पहिला प्रश्न ठरलेला, ‘नॉर्मल की सिझर?’ आई म्हणाली, ‘सिझर. हिला कळा सोसवल्या नाहीत.’ मग दुसरी म्हणाली, ‘तरीच दूध नाही. आयतं बाळ हातात आलं की अंगाला कसं कळणार?’ आई गप्प राहिली. मग कपबशांचा आवाज.

मला उठून बाहेर जायचं होतं. एका हातात बाळ, दुसऱ्या हातानं साडी धरली, ओढली, आणि टाक्यांत अशी कळ गेली की पुन्हा मागे टेकले. रडूही येईना, कारण हुंदका आला की पोट आवळतं आणि पोट आवळलं की टाके ओढतात. दात आवळून छताकडे बघत पडले. बाळ रडतच होतं. आई आत आली, तिनं बाळ उचललं, खांद्यावर टाकलं, थोपटलं.

मी म्हटलं, ‘मग रात्रभर मी काय करत होते, आई?’

तिला कळलं मी ऐकलंय ते. म्हणाली, ‘अगं, बोलायची पद्धत असते. लोकांना काहीतरी सांगावं लागतं.’

बस, एवढंच. तुम्हाला वाटेल, एवढ्यासाठी कोणी माहेर सोडतं का? ‘माझी दोन बाळंतपणं घरातल्या घरात झाली,’ असं सांगणारी बाई आहे आई. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तेव्हाही मला हे कळत होतं. पण कामाच्या मदतीला माझ्याकडे काही तोटाच नव्हता. माझ्या बाजूनं बोलणारं कोणी नव्हतं. आणि ज्या बाईनं रात्रभर माझी कंबर चोळली, तीच ते बोलली. परक्या बाईचं मी झटकून टाकलं असतं.

त्याच रात्री मोठ्या जावेचा फोन आला. वहिनींची दोन्ही सिझरं सरकारी दवाखान्यातली. बाळाचं वजन, रंग, नाक कोणावर गेलं, यातलं काही न विचारता त्या म्हणाल्या, ‘टाके ओढतात का गं?’ मग तासभर शिकवत होत्या. साडी धरून उठू नकोस, पोटावर ताण येतो. आधी कुशीवर वळ, पाय पलंगाखाली सोड, मग कोपरावर जोर देऊन बस. खोकला-शिंक आली की उशी पोटाशी घट्ट दाब. बाळाला मांडीवर आडवं घेऊ नकोस, काखेखाली धर, त्याचे पाय तुझ्या पाठीकडे जाऊ देत, म्हणजे टाक्यांवर लाथ बसत नाही. निकर बेंबीच्या वर येणारी घे, इलॅस्टिक टाक्यांवर नको. संडासला कुंथू नकोस, डॉक्टरांना औषध विचार. दुसऱ्या दिवशी मी साडी न धरता उठले. त्याच आठवड्यात निघाले.

पुण्यात दर शनिवारी माझी कॉलेजची मैत्रीण येऊन बसायची. ती स्वयंपाक करायची नाही, बाळाला आंघोळ घालायची नाही, तिला येतच नाही. ती फक्त दार सांभाळायची. नणंदेच्या सासूबाईंनी तोच प्रश्न विचारला तेव्हा ती म्हणाली, ‘बाळाचे ठोके खाली जात होते, म्हणून सिझर केलं. दोघंही बरी आहेत. ती झोपलीय, दहा मिनिटांनी बोलू.’ मी आत जागीच होते. हेच एक वाक्य मला आईकडून हवं होतं.

मामांचं म्हणणं वेगळं. त्यांच्या मते दवाखान्यांनी धंदा मांडलाय आणि मी फसले. त्यांचा संशय मी उडवून लावत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ च्या पाहणीत, देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियनची निघाली. खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के, सरकारीत १४.३. हा फरक सगळाच काही बायकांच्या प्रकृतीमुळे नसणार. माझं सिझर गरजेचं होतं की धंद्याचं, हे सिद्ध करायचं साधन माझ्याकडे नाही. हिरवं पाणी मी पाहिलं, ठोक्यांचा आवाज मंदावताना ऐकला, आणि हो म्हटलं. पण समजा, मामा बरोबर आहेत. तरी कापलं माझंच पोट ना? सिझर गरजेचं होतं हे पटवून दिल्यावरच मला उठायला हात मिळणार का?

आता पुण्यातलं खरं खरं सांगते. नवऱ्याची रजा लवकर संपली. खासगी नोकरीत बापाला रजा द्यायचा कायदाच नाही. केंद्र सरकारच्या नोकरांना निदान १५ दिवस मिळतात. वहिनींची नोकरी, मैत्रिणीचा शनिवार. मधल्या दुपारी मी आणि बाळ. टाक्याच्या एका टोकाला पू धरला तेव्हा ड्रेसिंगला रिक्षानं एकटी गेले, बाळ शेजारच्या काकूंकडे ठेवून. आत्या म्हणते, आईकडे असतीस तर हे झालं नसतं. कदाचित नसतंही. त्या दुपारी आई हवी होती, दुसरं कोणीही नको होतं. फोन मात्र केला नाही. तेव्हा मला ते बरोबर वाटलं. आज वाटतं करायला हवा होता, आणि दुसऱ्या दिवशी वाटतं, का म्हणून?

आईशी यावर आजवर सरळ बोलणं झालेलं नाही. ती लाडू पाठवते, मी डबा धुऊन परत पाठवते.

धाकट्या बहिणीला आता सातवा महिना आहे. बाळंतपणाला सांगलीलाच जाणार, आणि मी तिला अडवलेलं नाही, आईसारखं करणारं कोणी नाही हे मीच तिला सांगितलं. आईला फोनवर म्हटलं, नॉर्मल होवो की सिझर, भेटायला येणाऱ्यांशी मी बोलणार, तू नाही. ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘म्हणजे तू येऊन राहणार?’ हो म्हटलंय. तेव्हा मुलाच्या परीक्षा आहेत, त्याचं काय करायचं ते ठरवायचंय.