दाखला एकच असतो

13 मे, मंगळवार

दुपारी एकला निकाल लागला. 86.40. संध्याकाळपर्यंत तेरा फोन आले. पहिला प्रश्न मार्कांचा, आणि दुसरा तेराही जणांचा सारखाच: "मग, सायन्स ना?" आईने देवापुढे साखर ठेवली आणि तीच साखर सगळ्यांना वाटली, पेढे आणायला मला साडेसात वाजले.

रात्री जेवताना लेक म्हणाली, "मी आयटीआयला जातो. इलेक्ट्रिशियन." (आमच्या कोल्हापूरकडच्या पोरी 'जाते' म्हणत नाहीत. पुण्याच्या पाहुण्यांना याची फार गंमत वाटते.)

आमटी वाढता वाढता हिचा हात थांबला. आई म्हणाली, "आयटीआय म्हंजे?" कुणीच उत्तर दिलं नाही. मग ही माझ्याकडे वळली. "बोला की आता."

यावर बोलायला माझ्याइतका लायक माणूस करवीर तालुक्यात सापडायचा नाही. गेली चोवीस वर्षं मी हेच बोलत आलोय. पण मी भात कालवत बसलो.

15 मे

मी ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. कुणी पुढे विचारलं की कोणत्या शाखेला, तर "इलेक्ट्रिकल" म्हणतो. समोरच्याला वाटतं इंजिनिअरिंग कॉलेज असेल. मी दुरुस्त करत नाही. हे आज पहिल्यांदा लिहून काढतोय.

शाखेचं नाव व्होकेशनल. 1988-89 साली राज्यात हे अभ्यासक्रम सुरू झाले तेव्हा त्यांचं बारसं झालं 'किमान कौशल्यावर आधारित'. पुढे पाट्या बदलल्या, पण लोकांच्या तोंडी 'किमान कौशल्य'च राहिलं. ज्याने हे नाव ठेवलं त्याला एकदा भेटायचं आहे. कापडाच्या दुकानात जाऊन "किमान बरं असेल ते दाखवा" असं कोण म्हणतं? कोठारी आयोगाने 1966 साली लिहून ठेवलं होतं की अकरावी-बारावीच्या वयाची निम्मी मुलं व्यवसाय शिक्षणाकडे वळावीत. निम्मी! आमची एक तुकडी भरता भरता घाम फुटतो.

ती भरायची म्हणून दर मे-जूनमध्ये आम्ही शिक्षक टू-व्हीलरवर गावं पालथी घालतो. पन्हाळ्याच्या पायथ्याची गावं माझ्याकडे. दहावीला पन्नास-पंचावन्न पडलेल्या पोरांच्या याद्या खिशात, पत्रकं डिकीत. आणि भाषण पाठ. "पुस्तकी पोरगं बारावीनंतर नोकरी शोधत फिरतं, आमचं पोरगं हातात टेस्टर घेऊन बाहेर पडतं. बारावी व्होकेशनल करा नाहीतर दोन वर्षांचा आयटीआय करा, डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. डिप्लोमा झाला की डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. माडी तीच, जिना तेवढा बाहेरनं."

हे भाषण लेक सहा वर्षांची असल्यापासून ऐकतेय. लहानपणी पाहुण्यांसमोर माझा चष्मा लावून म्हणून दाखवायची. "जिना तेवढा बाहेरनं" ला हात वर करायची, मी करतो तसाच. काल तिने तेच वाक्य मला ऐकवलं. या खेपेला हात वर केला नाही.

18 मे, रविवार

हिने विषय काढला नाही असा एक दिवस गेला नाही. आज मात्र तिने नेमकं बोट ठेवलं: "लोकांच्या पोरांना सांगायला तोंड आहे तुम्हाला. घरात का बसलं?"

का बसलं ते मला माहीत आहे. चोवीस वर्षांत माझ्या वर्गात अकरा मुली आल्या. अकराच, म्हणून आठवतात. दुसऱ्या वर्षी प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यायला पोरं बाहेर पाठवायची असतात. मोटारी भरायची, म्हणजे जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायची दुकानं, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतले कारखाने, वायरिंगचे ठेकेदार. मुलांना मी एका फोनवर चिकटवतो. मुलीचं नाव काढलं की पलीकडून आवाज मऊ होतो. "सर, काम शिकवायला ना नाही हो. पण तिला बसवू कुठं? आमच्याकडं बाथरूम बी नाही." अकरापैकी दोघी आज या कामात आहेत. एक कंट्रोल पॅनेल जोडणाऱ्या युनिटमध्ये, दुसरी नवऱ्याच्या दुकानात. दुकान तिच्या कामावर चालतं, पाटी नवऱ्याच्या नावाची. बाकीच्या नऊ जणी लग्नपत्रिका द्यायला आल्या होत्या.

हे माझ्या पत्रकात छापलेलं नाही.

हिला एवढं सांगितलं. वाटलं होतं ती म्हणेल, बघा, मी काय म्हणत होते. ती म्हणाली, "म्हणजे पोरीत खोट नाही." आणि कुकर लावायला गेली. तिचा विरोध तरी सुटलेला नाही.

21 मे

सायन्सची बाजूही धड बघावी म्हणून आज दोन ठिकाणी चौकशी केली. एका ठिकाणी समजलं ते असं: नाव कॉलेजात घालायचं आणि बसायचं क्लासात, सकाळी सात ते संध्याकाळी पाच. कॉलेजात फक्त प्रॅक्टिकलच्या परीक्षेला तोंड दाखवायचं. दोन वर्षांची फी ऐकून मी पाणी मागितलं. शाखा निवडतोय असं आपण म्हणतो, पण यात विज्ञान कुठे आहे? सीईटी आहे, नीट आहे, जेईई आहे. प्रयोगशाळेच्या दारावर धूळ. आमच्या वर्कशॉपला लोक नाकं मुरडतात, पण तिथे पोरं निदान हात काळे करतात.

तरी सायन्सच्या कागदाचं वजन मी नाकारत नाही. बारावीला फिजिक्स-मॅथ्स असलं की पुढची दारं उघडी राहतात, पोराचं मन सोळाव्या वर्षी एक असेल आणि अठराव्या वर्षी दुसरं. बाहेरच्या जिन्याला एक-दोन वर्षं जास्त लागतात आणि प्रत्येक कठड्यावर मेरिट लिस्ट असते. तेही पत्रकात नसतं.

मग मी मधला मार्ग काढला. सायन्स घे, पण द्विलक्षी. बायोलॉजी आणि दुसरी भाषा सोडायची, त्या जागी इलेक्ट्रिकल मेंटेनन्स, दोनशे मार्कांचं. सायन्सही झालं, वायरिंगही झालं. मला स्वतःला फार हुशार वाटलं.

"पप्पा, ते मार्कांसाठी घेतात." लेक म्हणाली. "तुमच्याच कॉलेजातली पोरं सांगतात. प्रॅक्टिकलचे शंभर तर घरबसल्या."

खरं आहे. मीच ते मार्क देतो.

25 मे, रविवार

मे संपायच्या आतच पाऊस. असा कधी बघितला नव्हता. लाइट जा-ये करत होती आणि त्यात आईच्या खोलीतला पंखा जळाला. वास अख्ख्या घरात. जळालेल्या वॉर्निशचा वास ज्याला माहीत आहे त्याला पंखा खोलायची गरज नसते.

लेकीने मागच्या सोप्यात पोतं अंथरलं आणि पंखा घेऊन बसली. मी खुर्चीवर, हातात पेपर. बघायचं नाही असं ठरवलं होतं.

जुनी कॉइल छिन्नीने कापून काढली. काढताना वेढे मोजले, तुकडा मायक्रोमीटरवर धरला. छत्तीस नंबरची तार, केसाच्या दुप्पट-तिप्पट जाड असेल. ताणली की तुटते, सैल सोडली की स्लॉटमध्ये, म्हणजे खाचेत, मावत नाही. स्लॉट घासून साफ केले, नवा कागद कापून घातला, कडा दुमडून. मी पोरांना सांगतो की मोटार तारेने जळत नाही, कागदाच्या कडेने जळते. लेकीला सांगावं लागलं नाही. मग वेढे. प्रत्येक कॉइलला तीनशेच्या वर. शंभर झाले की एक चिंचोका बाजूला. दोन चिंचोके पडले आणि तिसऱ्याच्या आसपास मावशीचा फोन आला, "सायन्सच ना गं?" तिने हो-हो केलं, फोन ठेवला, आणि तारेकडे बघत बसली. मोजणी चुकली होती.

मी पेपराआडून म्हटलं, "पाच-सात इकडंतिकडं झाले तर काही बिघडत नाही. चालतो पंखा."

तिने माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही. सगळी कॉइल उलगडून पहिल्यापासून सुरू केली.

सात वाजता पंखा टांगला. बटण दाबलं. फिरला, पण उलटा. हवा वर. आई म्हणाली, "झालं की चांगलं." लेक स्टुलावर चढून पंखा पुन्हा खाली घेत होती. स्टार्टिंगच्या कॉइलची टोकं उलटी जोडली गेली होती, मला जमिनीवरून दिसत होतं. मी सांगितलं नाही. तिने दहा मिनिटांत शोधलं.

8 जून, रविवार

आज मोहिमेवर होतो. एक घर यादीत होतं, पोरगं बावन्न टक्के, हात चांगला, शाळेतल्या सरांनीच नाव दिलेलं. बाप गोठ्यात होता. मी भाषण सुरू केलं. शिक्षण, जिना, माडी. त्याने शेणाची पाटी खाली ठेवली, हात धुतले, चहा सांगितला. सगळं नीट ऐकून घेतलं.

मग म्हणाला, "सर, तुमची बी पोरगी यंदा दहावीला होती न्हवं? कुठं घातली?"

मी म्हटलं, "अजून ठरलं नाही."

"मग आमचं बी अजून ठरल्यालं नाही."

त्यात खोच नव्हती. साध्या आवाजात म्हणाला, चहाचा कप माझ्याकडे सरकवत. मी तो चहा कसा प्यायलो ते मलाच माहीत. त्याच्या पोराने माझ्या गाडीचा लोंबकळणारा इंडिकेटर तेवढ्या वेळात चिकटपट्टी लावून सरळ केला होता.

परत येताना पुढच्या तिन्ही घरांकडे गाडी वळवली नाही.

22 जून

दोन्हीकडचे फॉर्म भरले. अकरावी यंदा राज्यभर ऑनलाइन, दहा पसंती देता येतात, आम्ही चार दिल्या. आयटीआयच्या फॉर्मला पहिली पसंती इलेक्ट्रिशियन, दुसरी वायरमन, तिसरी लेक देईना. "तिसरी कशाला? पहिली लागणार." हिने शांतपणे सांगितलं की शेवटी सायन्सच. लेकीने तितक्याच शांतपणे मान डोलावली. दोघींचं शांत असणं मला भांडणापेक्षा जड जातं.

आई रात्री माझ्याजवळ येऊन बसली. "महावितरणात पोरी खांबावर चढत्यात म्हणं." मी म्हटलं, हो, चढतात, कितीतरी मुली जनमित्र, म्हणजे लाइनमन, आहेत आता. "साडी नेसून?" म्हटलं, नाही, पँट-शर्ट. ती बराच वेळ विचार करत होती. "मग पडायचं भ्या नाही," म्हणाली.

जुलै, तारीख लिहीत नाही

दोन्हीकडे नंबर लागला.

शाळेतून दाखला आणला होता तो प्लास्टिकच्या फाइलमध्ये, टेबलावर. झेरॉक्स कितीही काढा, मूळ दाखला एकच असतो. जिथे तो जमा केला तिथे तुम्ही. दीड-दोन महिने घरात जे चाललं होतं ते सगळं आता त्या एका कागदावर येऊन बसलं होतं. जेवणं झाली तरी कुणी टेबल आवरलं नाही. फाइलच्या बाजूने ताटं ठेवली, उचलली.

हिने शेवटचं विचारलं ते मला, लेकीला नाही. "उद्या दहा वर्षांनी ती म्हणाली की पप्पा, मला अडवलं का नाही, तर काय सांगाल?"

मी खूप वेळ शोधलं. मिळालं नाही. उलटा प्रश्न सुचला होता, अडवलं का असं म्हणाली तर. तो विचारला असता तर जिंकलो असतो, म्हणून नाही विचारला.

सकाळी लेक तयार होऊन बसली होती, फाइल मांडीवर. ही स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही, पण डबा ओट्याच्या कडेला भरून ठेवलेला होता. एकच डबा, लेकीचा. माझा नव्हता.

आयटीआयच्या प्रवेशाच्या टेबलावरचे लिपिक मला ओळखतात. दर जूनमध्ये आम्ही दोघं त्याच गावांतून त्याच पोरांमागे फिरत असतो. त्यांनी चष्मा वर केला. "सर, आज इकडं? आमची पोरं पळवायला आलाय का?"

"नाही," म्हटलं. "द्यायला आलोय."

त्यांनी लेकीकडे बघितलं, मग फाइलकडे. गुणपत्रिका बघून भुवया वर गेल्या, पण माणूस भला, बोलले काही नाहीत. दाखला काढला, दिव्यापुढे धरल्यासारखा धरून शिक्का बघितला, कागदांच्या गठ्ठ्यात वर ठेवला आणि टाचणी मारली. लेकीने विचारलं, वर्कशॉप कुठल्या बाजूला. मी विचारलं, मुलींचं बाथरूम कुठल्या बाजूला. दोन्हीकडे त्यांनी एकदमच हात केला, बोळ एकच होता. मी जाऊन बघून आलो. कडी नवी होती, नळाला पाणी होतं.

घरी अजून अबोला आहे. रात्री पंखा जोरात फिरत होता, हवा खाली येत होती.

उद्या त्या गोठ्यातल्या माणसाकडे परत जायचंय. धारेच्या वेळी घरी सापडतो, म्हणजे साडेसहाच्या आत पोचायला हवं. गाडीत पेट्रोल आजच टाकून ठेवलं.