शिवणयंत्राचे तीस सेकंद

२०२४ च्या विधानसभेला माझी ड्यूटी मतदान केंद्रावर लागली नाही. ती लागली जाहिराती तपासणाऱ्या कक्षात, आणि कारण एकच, मला तेलुगू येतं. मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली घरातली. शाळेत मराठी शिकवते, घरी आईशी तेलुगू बोलते. आमच्या शहरात प्रचार मराठीत होतो तसा तेलुगूत, कन्नडमध्ये, उर्दूतही होतो. केबलवर राजकीय जाहिरात लावायची तर ती आधी समितीपुढे ठेवावी लागते, सोबत साक्षांकित ट्रान्सक्रिप्ट आणि खर्चाचा तपशील. तेलुगू ट्रान्सक्रिप्ट जाहिरातीशी शब्दाला शब्द जुळतं का, एवढं मी बघायचं.

शनिवार, १६ नोव्हेंबर. संध्याकाळी पाचच्या सुमाराला एक आजोबा दारात येऊन थांबले. चप्पल बाहेर काढून आत आले. हातात प्लास्टिकची फाईल, मागे नववी-दहावीतला नातू. म्हणाले, "मी अपक्ष उभा आहे. टीव्हीवर जाहिरात द्यायचीय. इथून सही लागते म्हणे."

माझं आडनाव कानावर पडताच ते तेलुगूवर आले. "ओकसारि चूडम्मा," म्हणाले. एकदा बघ गं बाई.

नातवानं मोबाईल टेबलावर ठेवला. तीस सेकंदांचा व्हिडिओ, त्यानंच काढलेला. आजोबा यंत्रमागाशेजारी उभे. टॉवेलचा माग चालू आहे, त्या खटखटीवरून ऐकू जावं म्हणून आवाज चढवून बोलताहेत. चाळीस वर्षं माग चालवला. तुमच्या घरी पाणी किती दिवसांआड येतं ते मला माहीत आहे, माझ्याही घरी तितक्याच दिवसांआड येतं. विडी वळणाऱ्या बायकांचं बोलणं मी विधानसभेत बोलेन. माझी निशाणी शिवणयंत्र. संपलं. शेवटी ते क्षणभर कॅमेऱ्याकडे तसेच बघत राहतात, कारण बंद कर म्हणायचं राहून गेलंय.

ते ऐकताना मला आई दिसत होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कात्रीनं कापलेली पानं, आणि बोटं आपोआप चालताहेत.

पण नियम सरळ होता. उमेदवारानं जाहिरात दाखवायच्या तीन दिवस आधी अर्ज करायचा. समितीला निर्णयासाठी दोन दिवस. प्रचार संपत होता सोमवारी संध्याकाळी सहाला, आणि त्यानंतरच्या ४८ तासांत टीव्हीवर प्रचाराचं काहीही दाखवायला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ नं मनाई आहे. म्हणजे आज आलेल्या अर्जाला नियमानं वेळच उरत नव्हता.

"इतका उशीर का केलात मामा?" मी विचारलं.

"निशाणीच चार तारखेला मिळाली," ते म्हणाले.

हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ तोवर डोक्यात शिरला नव्हता. मोठ्या पक्षांची चिन्हं राखीव. आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, तेव्हा त्यांची गाणी, पोस्टर, टीव्हीच्या जाहिराती तयारच होत्या. अपक्षाला चिन्ह मिळतं अर्ज माघारीची मुदत संपल्यावर, आणि ती संपली ४ नोव्हेंबरला. तिथून प्रचाराचे दिवस मोजून चौदा. त्या चौदा दिवसांत त्यानं पत्रकं छापायची, खर्चाची वही तपासणीला न्यायची, गल्लोगल्ली फिरायचं आणि शिवणयंत्र म्हणजे मी, हे लोकांच्या मनात बसवायचं.

आमच्या साहेबांचं मला आजही कौतुक वाटतं. त्यांनी अर्ज परत केला नाही. म्हणाले, कागद पुरे करून द्या, समिती उद्या रविवारी बसवू. नातू बाकावर बसून तेलुगू ट्रान्सक्रिप्ट लिहू लागला. तेलुगू लिपी त्याला येत नव्हती, मी सांगितलं देवनागरीत लिही. कक्षातल्या क्लार्कनं व्हिडिओच्या दोन प्रती पेनड्राइव्हवर काढल्या. मी वाक्यावाक्याला थांबवत तपासलं. नातवानं सुरुवातीलाच कंसात लिहिलं होतं, 'मागाचा आवाज'. ते मी राहू दिलं. खर्चाच्या रकान्यात त्यानं केबलवाल्याचा दर लिहिला, निर्मिती खर्चापुढे शून्य. पैसे चेकनं देणार असं निवेदन जोडलं. निवडणुकीसाठी उघडलेल्या खात्याचं कोरं चेकबुक आजोबांच्या फाईलमध्ये होतं. त्याच खात्यातून त्यांनी दहा हजारांचं डिपॉझिट भरलं होतं.

रविवारी संध्याकाळी प्रमाणपत्र त्यांच्या हातात पडलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

सोमवारी दुपारी फोन आला. "अम्मा, जागा नाही म्हणतात."

शेवटच्या दिवसाचे सगळे स्लॉट आधीच विकले गेले होते. पैसे भरून, आगाऊ. केबलवाल्यानं खोटं सांगितलं नव्हतं, त्यानं जो आधी आला आणि ज्यानं जास्त घेतले त्याला दिले. कुणी नियम मोडला नव्हता. नेमकं तेच माझ्या जिवाला लागलं.

त्या दुपारी टीव्हीसमोर बसून कोणती जाहिरात किती वेळा लागते त्याची नोंद मला ठेवायची होती. सिद्धेश्वर तलावावरून ड्रोन फिरतो, मग ढोल, मग कोरस. तीच जाहिरात दर ब्रेकला, कधी एकाच ब्रेकमध्ये दोनदा. तासाभरात रजिस्टरचं पान भरलं. त्यातला एक, फक्त एक स्लॉट त्या म्हाताऱ्या माणसाला मिळाला असता तर काय बिघडलं असतं?

सहानंतर चहा घेताना समितीवरच्या पत्रकार सदस्यांशी मी वाद घातला. मी म्हटलं, विकत घेतलेली राजकीय जाहिरात बंदच करायला हवी, टीव्हीवरही आणि पेपरमध्येही. ते शांतपणे म्हणाले, "बाई, बंद केलं की पैसा मागच्या दारानं बातमीत घुसेल." त्यांचं म्हणणं खोटं नाही. आमच्याच टेबलावर कात्रणांचा गठ्ठा होता, आणि त्यात एकाच उमेदवाराची स्तुती दोन पेपरांत स्वल्पविरामासकट तीच होती. अशा मजकुरावर ९६ तासांत नोटीस काढता येते, उमेदवारानं ४८ तासांत उत्तर द्यायचं, आणि बातमी पैसे देऊन छापलेली ठरली तर खर्च त्याच्या खात्यात धरायचा. पण उमेदवाराला चाळीस लाखांची मर्यादा आहे, पक्षाला मर्यादाच नाही. पक्ष सगळ्या राज्यासाठी म्हणून जाहिरात देतो, ती प्रत्येक घरात पोचते आणि एकाही उमेदवाराच्या वहीत चढत नाही. मागचं दार राखायचं म्हणून पुढचं सताड उघडं ठेवायचं का?

आणि हे काही मी नवीन काढलेलं नाही. केबलच्या १९९४ च्या नियमांत राजकीय जाहिरातीला मनाईच होती. १३ एप्रिल २००४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं तपासून परवानगी द्यायची पद्धत आली, आमचा कक्ष हे त्याचंच रोपटं. ब्रिटनमध्ये टीव्ही-रेडिओवर अशी जाहिरात विकत घेताच येत नाही, आणि २०१३ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं ती बंदी नऊ विरुद्ध आठ मतांनी कायम ठेवली. आठ न्यायाधीशांना ती अभिव्यक्तीवरचा घाला वाटली, याचा मी खूप विचार केला. पण त्या दुपारी मी ज्याचा आवाज दाबलेला पाहिला, त्याचा कुठल्याही बंदीनं दाबला नव्हता. तो दुसऱ्याच्या पैशानं दाबला होता.

नुसती बंदी मात्र पुरणार नाही, हेही मी त्यांना सांगितलं. आकाशवाणी-दूरदर्शनवर १९७७ पासून पक्षांना फुकट वेळ मिळतो, पण तो मान्यताप्राप्त पक्षांना. अपक्षाच्या वाट्याला तिथंही काही नाही. आपल्याकडे आकाशवाणीचं केंद्र आहे, घराघरांत केबल आहे. एका मतदारसंघात वीस उमेदवार धरले आणि प्रत्येकाला दोन मिनिटं दिली, तरी चाळीस मिनिटं होतात. रोज संध्याकाळी तेवढी द्या, चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा. पत्रकार सदस्य हसले नाहीत. "आमच्या पेपरचं वर्षाचं गणित कोसळेल," एवढंच म्हणाले. तेही खरंच आहे. छोट्या पेपरातल्या माणसांचे पगार त्या जाहिरातींवर निघतात, आणि माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं.

बुधवारी, मतदानाच्या सकाळी, पेपर उघडला तर पहिलं पान पूर्ण जाहिरातीचं. टीव्हीला ४८ तासांची बंदी आहे, पेपरला नाही. त्याला पूर्वप्रमाणन, म्हणजे आधी समितीचं प्रमाणपत्र, लागतं, आणि ते घेतलेलं होतं. मी पट्टी लावून कॉलम सेंटीमीटर मोजले आणि नोंद केली.

रात्री घरी आले तेव्हा आई विड्यांचे कट्टे बांधत बसली होती, तोंडात ते ड्रोनवालं गाणं. दोन आठवडे ऐकून ते तिला पाठ झालं होतं. मतदान करून आलीस का विचारलं, तर म्हणाली, आले. मग हात थांबवून माझ्याकडे बघितलं.

"अगं, मशीनवर पार खाली एक फोटो होता. पलीकडच्या गल्लीतला तो मागवाला. शिवणयंत्र होतं त्याच्यापुढं. तो कधी उभा राहिला?"